ज्या खेळात कानसेनाचे काही चालत नाही

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणे उरकली की एक कोरियन कार्यक्रम लावला जातो. तो लावते माझी नऊ वर्षांची मुलगी, आणि तिच्या शेजारी बसून दर शनिवारी हरतात माझे वडील. बाबांनी पस्तीस वर्षे गावातल्या भजनी मंडळात पेटीची साथ केली आहे. गाणारा अर्ध्या श्रुतीने घसरला तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि शेजारच्या घरातल्या रेडिओवरचे गाणे कोणत्या पट्टीतले आहे हे ते पेटी न उघडता सांगतात. अशा माणसाला गाण्याच्या खेळात नातीने हरवावे, याचे मला आधी हसू आले आणि नंतर कुतूहल वाटू लागले. हा लेख त्या कुतूहलातून लिहिला आहे.

कार्यक्रमाच्या कोरियन नावाचा शब्दशः अर्थ ‘तुझा आवाज दिसतो’ असा आहे. जगभर तो ‘आय कॅन सी युअर व्हॉइस’ या नावाने ओळखला जातो. दक्षिण कोरियातल्या एमनेट या संगीतवाहिनीवर तो २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. खेळ थोडक्यात असा : मंचावर अनोळखी माणसे एका ओळीत उभी असतात. त्यांतली काही उत्तम गातात आणि काहींना सुराचा गंधही नसतो. त्या दिवशी पाहुणा म्हणून आलेल्या नामवंत गायकाने त्यांचे गाणे न ऐकता, केवळ त्यांच्याकडे पाहून, बेसूर कोण हे ओळखायचे आणि एकेकाला बाहेर काढायचे. बाहेर काढलेला माणूस ‘सत्याच्या मंचा’वर जाऊन प्रथमच तोंड उघडतो आणि तेव्हा कळते की पाहुण्याने दगड फेकला की हिरा. शेवटी जो उरतो त्याच्याबरोबर पाहुण्याला युगुलगीत गावे लागते. उरलेला खरा गायक असेल तर त्याच्या आवाजात एक गाणे प्रसिद्ध केले जाते, आणि बेसूर असेल तर त्याला ५० लाख वॉन, म्हणजे आपले सुमारे तीन लाख रुपये मिळतात.

बेसूर माणसासाठी कोरियन भाषेत ‘उमची’ हा शब्द आहे. ‘उम’ म्हणजे नाद आणि ‘ची’ म्हणजे मठ्ठ. याच ‘ची’पासून रस्ते लक्षात न राहणाऱ्यासाठी ‘गिलची’ आणि नाचता न येणाऱ्यासाठी ‘मोमची’ असे शब्द तयार झाले आहेत. मराठीत आपण ‘बेसूर’ म्हणतो तेव्हा दोष गाण्याला देतो, माणसाच्या डोक्याला देत नाही. त्यामुळे आपला शब्द मला अधिक सभ्य वाटतो. शिवाय आपल्याकडे ‘कणसूर’ही आहे. सूर जवळपास लागला आहे पण पुरता लागलेला नाही, ही अवस्था ज्यांनी एका शब्दात पकडली त्यांचे कान काय दर्जाचे असतील! या कार्यक्रमाला मात्र कणसुराशी कर्तव्य नाही. तिथे माणूस एक तर गायक असतो, नाही तर उमची.

पहिल्या फेरीत नुसते चेहऱ्यावरून ओळखायचे असते. या फेरीविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही, कारण तिथे सगळेच पूर्वग्रहावर चालतात आणि सगळेच फसतात. खरा खेळ सुरू होतो तो ओठ हलवण्याच्या फेरीत. वाद्यवृंद वाजू लागतो, ध्वनिवर्धकातून आवाज येतो आणि समोरचा माणूस त्यावर ओठ हलवतो. तो खरा गायक असेल तर तो आवाज त्याचाच, आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. उमची असेल तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

पहिल्याच शनिवारी बाबांनी मला बजावले, “ओठांकडे बघू नकोस, श्वासाकडे बघ.” सल्ला अनुभवाचा होता. लांब ओळ उचलण्याआधी गाणारा पोटातून श्वास भरून घेतो आणि त्याचे खांदे वर जात नाहीत. तार सप्तकात जाताना जबडा सुटतो. आणि ज्याला माइकची सवय आहे तो आवाज मोठा होण्याच्या क्षणभर आधी माइक तोंडापासून दूर नेतो. या खुणा नकली माणसाला साधणार नाहीत, असे बाबांचे म्हणणे होते. तरीही ते हरले, त्या शनिवारी आणि पुढच्याही. त्यांच्या हरण्यामागचे कारण माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्या फेरीत खरा गायकसुद्धा गात नसतो. त्याचा गळा त्या वेळी विश्रांती घेत असतो, त्याला श्वासाची गरज नसते, आणि स्वतःच्याच गाण्यावर ओठ हलवण्याचा प्रसंग आयुष्यात फारसा न आल्यामुळे तो अवघडतो, एखादी जागा चुकवतो, उगाच हसतो. उलट उमची सोंग घ्यायचे म्हणून आलेला असतो आणि त्याने श्वासाचा, माइकचा, मिटलेल्या डोळ्यांचा कसून सराव केलेला असतो. त्यामुळे या फेरीत खरा माणूस खोटा दिसतो आणि खोटा माणूस खरा. कार्यक्रमाची रचना करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असणार, आणि त्यांच्या हुशारीचे सगळे सार मला या एका फेरीत दिसते.

एक ओठ हलवतो आणि दुसरा गातो, हा प्रकार आपल्याला नवा नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन आणले, त्यानंतर आपल्या काही पिढ्या ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा हा करार मान्य करूनच मोठ्या झाल्या. त्यामुळे आपण या खेळात तरबेज असायला हवे असे मला वाटत होते, पण अनुभव उलटा आला. तो करार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की ओठ आणि आवाज यांची सांधेजोड तपासायची असते हेच आपण विसरलो आहोत. माझी मुलगी अजून विसरलेली नाही. ती ओठांकडे पाहत नाही आणि श्वासाकडेही पाहत नाही. ती माइक नसलेल्या हाताकडे पाहते. तो हात तालावर आपोआप हलतो की ठरवून हलवलेला दिसतो, एवढेच ती बघते, आणि तिचा अंदाज बाबांपेक्षा जास्त वेळा बरोबर येतो.

गाणे डोळ्यांनी जोखण्याविषयी एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि तो मला या निमित्ताने आठवला. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने वादनस्पर्धांच्या अंतिम फेरीतले तिघे लोकांसमोर ठेवले आणि विजेता ओळखायला सांगितले. काहींना फक्त ध्वनिमुद्रण ऐकवले, काहींना आवाज बंद करून फक्त चित्रफीत दाखवली. नुसते पाहणाऱ्यांनी विजेते अधिक अचूक ओळखले, आणि जाणकार संगीतकारही याला अपवाद ठरले नाहीत. स्पर्धेचे परीक्षक स्वतःही कानांइतकेच डोळ्यांनी ऐकत असावेत, असा त्याचा एक अर्थ निघतो. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणून तर आपल्यात मुद्रादोष म्हणतात.” गाताना होणाऱ्या वेड्यावाकड्या चेहऱ्यांना आपल्या परंपरेने नाव देऊन दोषांत बसवले, ते दिसण्याचा ऐकण्यावर परिणाम होतो हे ओळखूनच, असे त्यांना म्हणायचे होते. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे, जरी ज्यांच्या हातवाऱ्यांशिवाय त्यांचे गाणे डोळ्यांपुढे उभेच राहत नाही, असे भीमसेन जोशी यांच्यासारखे थोर गायक त्यांच्याच आवडत्या यादीत अग्रभागी आहेत.

या कार्यक्रमातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र उमचीला मिळणारी वागणूक आहे. आपल्याकडच्या गायनस्पर्धांच्या निवडफेऱ्यांत बेसूर गाणारा दाखवला जातो तो केवळ हसण्यासाठी : परीक्षक तोंड लपवतात, पार्श्वसंगीतात फुगा फुटल्याचा आवाज घालतात आणि तो बिचारा आशेने आलेला असतो हे सगळे विसरतात. इथे उमची फसवायला आलेला असतो, आणि तो बेसूर गाऊ लागतो तेव्हा जिंकलेला तो असतो, फजिती होते ती पाहुण्या गायकाची. लोक हसतात ते त्याच्याबरोबर. शास्त्राच्या दृष्टीनेही ‘मठ्ठ’ हा शिक्का बहुतेकांवर अन्यायाचा आहे. ज्यांना जन्मतःच स्वरांतला फरक कळत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी. बेसूर गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना सूर कानाने बरोबर कळतो. कळलेला सूर गळ्याकडून काढून घेणे त्यांना जमत नाही. या अर्थाने बरेच उमची कानसेनच असतात.

खऱ्या गायकांच्या बाजूलाही अशाच गोष्टी आहेत. ह्वांग ची-युल हा गायक आधी अल्बम काढून अपयशी ठरला होता आणि पुढे वर्षानुवर्षे इतरांना गाणे शिकवून उदरनिर्वाह करत होता. २०१५ मध्ये तो या ओळीत अनोळखी माणूस म्हणून उभा राहिला, त्याच्या गाण्याची चर्चा झाली, आणि पुढच्याच वर्षी चीनमधल्या मोठ्या दूरचित्रवाणी स्पर्धेत गाऊन तो तिथेही लोकप्रिय झाला. ज्या कार्यक्रमात आधी न ऐकता निवाडा होतो, त्याच कार्यक्रमात त्याला ऐकणारे भेटले, याची मला गंमत वाटते.

हा खेळ पुढे बऱ्याच देशांनी उचलला. थायलंडमध्ये तो २०१६ पासून अफाट चालला. फिलिपिन्समध्ये २०१७ साली आला. अमेरिकेत २०२० च्या सप्टेंबरमध्ये केन जोंग याच्या सूत्रसंचालनाखाली आणि ब्रिटनमध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये बीबीसीवर सुरू झाला. अमेरिकन आवृत्तीचे काही भाग आम्ही पाहिले आणि सोडून दिले. तिथे ओळखणारा सामान्य स्पर्धक असतो, त्याला एक लाख डॉलरपर्यंत जिंकता येतात आणि बाजूला बसलेली तारकामंडळी त्याला सल्ले देतात. पैसा आला की लक्ष आकड्यांकडे जाते. कोरियन रचनेत पणाला लागतो तो पाहुण्याचा स्वतःचा कान. ज्याने उभे आयुष्य सुरांत काढले त्याला कान बाजूला ठेवून निवड करावी लागते, आणि चुकला तर हजारो लोकांसमोर बेसूर माणसाच्या खांद्याला खांदा लावून स्वतःचेच गाजलेले गाणे हसतमुखाने पूर्ण करावे लागते. बाबा दर शनिवारी चिकाटीने बसतात ते त्या पाहुण्याशी जुळलेल्या नात्यामुळे, असा माझा समज आहे. त्यांच्यासारखाच तोही आपल्या सगळ्यात मोठ्या हत्याराविना लढत असतो.

शेवटचे युगुलगीत सुरू होताना आमच्या घरात कोणी बोलत नाही. पहिली ओळ पाहुणा गातो, दुसरी त्या उरलेल्या माणसाची असते. तोपर्यंत पाहुण्यालाही ठाऊक नसते की बाजूला कोण उभे आहे. या क्षणी बाबा डोळे मिटून घेतात, कारण एवढ्या वेळानंतर प्रथमच त्यांच्या कानांना काम मिळणार असते. माझी मुलगी मात्र पडद्याकडे पाहत नाही. ती आजोबांकडे तोंड करून बसते आणि त्यांच्या कपाळाकडे टक लावून पाहते. दुसऱ्या ओळीचा पहिला स्वर येतो, तो मला नीट कळायच्या आत ती टाळी वाजवून ओरडते, “आबा, आठी आली! उमची!”