इन्व्हर्टर ते मीटर: घरच्या सोलरचा नाजूक टप्पा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की चौकशी होते ती पॅनलची. कुठल्या कंपनीचं, किती वॉटचं, वॉरंटी किती वर्षांची. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडणीचा विषय निघाला की 'ते व्हेंडर बघून घेतो' म्हणून सोडून दिला जातो. प्रत्यक्षात पॅनल फारसे त्रास देत नाहीत. तक्रारी येतात त्या इन्व्हर्टरपासून (पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारं यंत्र) मीटरपर्यंतच्या वायरिंगच्या, न्यूट्रलच्या आणि पहिल्या बिलाच्या. म्हणून इथे भर त्या टप्प्यावरच आहे. उदाहरण महावितरणच्या घरगुती ग्राहकाचं घेतलं आहे.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करायचा. बिल ज्याच्या नावावर, अर्जही त्याच्याच नावाने. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या, नाहीतर पुढे प्रकरण तिथेच अडकतं. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० च्या वर मिळत नाही. तीही डीसीआर, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेल्या पॅनललाच. बिलावरचे सिरीयल नंबर पॅनलच्या मागच्या लेबलशी माल उतरतानाच ताडून घ्या. स्ट्रक्चरवर चढल्यावर ते लेबल वाचायला मिळणं मुश्कील.

आता तार. सिंगल फेजवर ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालला की साधारण २२ अँपिअर करंट मीटरकडे जातो. गच्ची ते मीटर ३० मीटर अंतर धरलं तर फेज आणि न्यूट्रल मिळून ६० मीटर तांबं झालं. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम, म्हणजे ६० मीटरला ०.३ ओहम आणि २२ अँपिअरला साडेसहा व्होल्टचा फरक. वीज बाहेर जात असताना हा फरक इन्व्हर्टरच्या बाजूला चढतो, हे लक्षात घ्या. उन्हाच्या वेळी मीटरवर २४८ व्होल्ट असतील तर इन्व्हर्टरला २५४ च्या वर दिसतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांपलीकडे, म्हणजे २५३ च्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायला हवं. तो सुटतो, थोड्या वेळाने परत जोडला जातो, पुन्हा सुटतो. नेमक्या सगळ्यात जास्त उन्हाच्या वेळी. अ‍ॅपमधल्या आलेखाला दुपारी १२ ते २ दात पडलेले दिसले तर ढग शोधू नका, व्होल्टेज बघा. तेच अंतर १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलने जोडलं तर फरक अडीच व्होल्टवर येतो आणि इन्व्हर्टर चालू राहतो. केबलचे जे काही हजार वाढतील ते खुशाल द्या.

काही जण यावर उपाय म्हणून इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये व्होल्टेजची मर्यादाच वाढवून देतात. हे करू देऊ नका. तेवढं चढं व्होल्टेज मग घरातल्या फ्रिजला आणि टीव्हीलाही सोसावं लागतं.

केबल जाड असूनही व्होल्टेज चढत असेल तर न्यूट्रलचा जोड तपासायला लावा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि सोलरची केबल तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून टेप मारला तर जोड काही महिन्यांत गंजतो, गरम होतो. तिथे बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन वेगळे धातू जोडायचा खास तुकडा, हवा. थ्री फेज घरात न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना ४०० च्या आसपास व्होल्टेज मिळू शकतं आणि ती जळतात.

नेट मीटर (घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागेपर्यंत सोलरचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा स्विच, बंदच ठेवा. 'टेस्टिंगसाठी चालू ठेवू' हा सल्ला महागात पडतो. जुने बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर करंटची दिशा पाहत नाहीत. बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणून मोजतात. मग बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं आणि ते दुरुस्त करून घेणं कठीण, कारण मंजुरीआधी वीज ग्रिडला सोडणं हेच मुळात नियमाबाहेरचं.

लाइट गेली की सोलरही बंद होणार, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यक आहे. घरात बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर असेल तर सोलरची लाइन त्याच्या आउटपुटला कधीही जोडू नये. तसं झालं तर लाइट गेल्यावर सोलर त्यालाच ग्रिड समजतो आणि उलटी वीज ढकलतो. जुना इन्व्हर्टर जळतो. सोलर नेहमी मेन स्विचच्या बाजूला, बॅकअपच्या आधी.

पावसाळ्यात दोन तक्रारी ठरलेल्या. ओल्या पॅनलमधून थोडा करंट अर्थकडे गळतो आणि घरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. सोलर त्या आरसीसीबीच्या पुढे न जोडता स्वतंत्र लाइनवर घ्यावा; तिथे किती मिलिअँपिअरचा हवा ते इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये असतं. दुसरी, सकाळी इन्व्हर्टरवर आयसोलेशनचा एरर (पॅनलच्या वायरिंगमधून अर्थकडे गळती होत असल्याचा इशारा) आणि ऊन चढल्यावर आपोआप ठीक. त्याचं मूळ बहुधा पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या एमसीफोर कनेक्टरमध्ये सापडतं: दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत दाबलेले, किंवा पकडीने चेपलेले. कनेक्टर पत्र्यावर लोळत ठेवू नका, रेलला क्लिपने वर बांधा. अर्थिंगचे खड्डे तीन: आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा, डीसीचा वेगळा, एसीचा वेगळा. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात नेलेले दिसले तर काम थांबवा.

नेट मीटर बसला की वायरमन असतानाच भर उन्हात घरचे सगळे एमसीबी पाडा आणि फक्त सोलर चालू ठेवा. मीटरच्या डिस्प्लेवर एक्स्पोर्टचा, म्हणजे बाहेर गेलेल्या विजेचा, आकडा वाढला पाहिजे. इम्पोर्टचा, म्हणजे ग्रिडकडून घेतलेल्या विजेचा, वाढला तर वायरी उलट्या लागल्या आहेत. मग रीडिंगचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

पहिलं बिल आलं की हिशेब जुळवा. समजा इन्व्हर्टरने महिन्यात ३५० युनिट बनवले, मीटरवर एक्स्पोर्ट २३० आणि इम्पोर्ट १९०. घरचा वापर झाला ३५० वजा २३० अधिक १९०, म्हणजे ३१०. बिलात मात्र १९० वजा २३०, म्हणजे ४० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा दिसायला हवेत. स्थिर आकार तरीही भरावा लागतो. जमा युनिटचा रकाना बिलावर रिकामा असेल तर त्याच महिन्यात फोटो घेऊन सेक्शन ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हिशेब ३१ मार्चला मिटवला जातो, त्यामुळे ही चूक पुढच्या वर्षावर ढकलू नका.