मध्ये शिरणारं ‘इट’

सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, चार ओळी लिहून पाठवा, असं पत्र आलं. इमारत, मैदान, प्रार्थना यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते इंग्रजीच्या बाईंवर, आणि तेही त्यांच्या एकाच धड्यावर.

बाईंचं इंग्रजी मराठीतून सुरू व्हायचं. फळ्यावर दोन वाक्यं: ‘तो वर गेला’ आणि ‘तो झाडावर गेला’. पहिल्यातला ‘वर’ सुटा, म्हणून क्रियाविशेषण. दुसऱ्यातला झाडाला चिकटलेला, म्हणून शब्दयोगी. आपण हा फरक लिहितानाच दाखवतो. इंग्रजीत मात्र दोन्ही सुटेच लिहितात, त्यामुळे ‘पिक अप द बुक’ आणि ‘लुक ॲट द बुक’ दिसायला सख्खी भावंडं. ती सख्खी नाहीत हे ओळखायचं तर नाम काढून तिथे सर्वनाम घालून बघायचं.

मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघायच्या. ‘पिक’, ‘अप’ आणि ‘द बुक’ घेऊन तीन मुलं पुढे उभी. ‘द बुक’वाल्याला मोकळीक होती. ‘अप’च्या अलीकडे उभा राहा नाहीतर पलीकडे, वाक्य बरोबरच. पट्टी उलटली की मागच्या बाजूला ‘इट’, आणि मोकळीक संपली. आता मध्येच शिरायचं: ‘पिक इट अप’. कुणी ‘पिक अप इट’ म्हणालं तर बाई रागवायच्या नाहीत, तेच वाक्य मोठ्याने म्हणायला लावायच्या. जोर ‘अप’वर पडून जातो आणि मागे ‘इट’ नुसतं लोंबकळत राहतं, हे कानालाच कळायचं. इंग्रजी वाक्याची शेवटची जागा नव्या, वजनदार माहितीसाठी राखलेली असते. ‘इट’ म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली वस्तू. ती शेवटी कशाला? त्याच न्यायाने ‘काल बाकावर विसरलेली तुझी सगळी पुस्तकं’ एवढं लांबलचक कर्म असेल तर ते मध्ये कोंबू नये. ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. तिथे ‘पिक अप’ आधी उरकावं.

‘ॲट’ची पट्टी घेणाऱ्याला वेगळी ताकीद होती: कर्माचा हात धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. म्हणून ‘लुक ॲट इट’. ‘लुक इट ॲट’ कधीच नाही. यावर बाईंची आणखी एक तपासणी होती. ‘केअरफुली’ची पट्टी घेऊन चौथा मुलगा यायचा. ‘लुक केअरफुली ॲट इट’मध्ये तो आरामात मावतो, कारण ‘ॲट इट’ ही जोडी शाबूत राहते. ‘पिक अप’मध्ये मात्र त्याला जागा नाही. ‘पिक केअरफुली अप द बुक’ असं कुणी म्हणत नाही.

एके दिवशी ‘ओव्हर’ची पट्टी निघाली आणि वर्गात दोन तट पडले. ‘ही लुक्ड ओव्हर द वॉल’ आणि ‘ही लुक्ड ओव्हर द पेपर’. हात धरायचा की नाही? बाईंनी दोन्हींचं मराठी करायला सांगितलं. त्याने भिंतीवरून पलीकडे बघितलं. ‘वरून’ भिंतीला चिकटलं, म्हणजे हात धरला: ‘लुक्ड ओव्हर इट’. त्याने पेपर नजरेखालून घातला. इथे पेपरला काहीच चिकटलं नाही, म्हणून ‘लुक्ड इट ओव्हर’. पेपर तपासणाऱ्याबद्दल चुकून ‘लुक्ड ओव्हर इट’ लिहिलं तर व्याकरण बिघडत नाही, पण तो माणूस पेपर तपासायचा सोडून पेपराच्या वरून डोकावतोय असा अर्थ होतो. अशी चूक सहज नजरेतून निसटते.

वाद रंगात असतानाच तास संपला. ‘देअर गोज द बेल,’ बाई म्हणाल्या, आणि दारातून, ‘उद्या बेलच्या जागी इट घालून आणा.’ दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाचं ‘देअर गोज इट’. बरोबर उत्तर ‘देअर इट गोज’. ‘हिअर कम्स द बस’, पण ‘हिअर इट कम्स’. ‘अप वेन्ट द फ्लॅग’, पण ‘अप इट वेन्ट’. नाम कर्ता असेल तर क्रियापद त्याच्या आधी उडी मारतं, सर्वनामाला ते ओलांडत नाही. कारण पुन्हा तेच, शेवटची जागा.

ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४ साली मांडलं की असा ‘अप’ किंवा ‘ऑन’ दोन्हीकडे एकच शब्द मानावा. क्रियापद सकर्मक किंवा अकर्मक असतं, तसा हाही कधी कर्म घेतो, कधी घेत नाही. बाईंनी त्याचं नाव कधी घेतलं नाही, पण झाडावरचा ‘वर’ आम्हाला तेच सांगत होता.

‘देअर’वरून ‘गो टू देअर’ही निघालंच. ‘फ्रॉम देअर’, ‘टिल नाऊ’, ‘सिन्स देन’ चालतं, कारण कुठून आणि कधीपर्यंत हे त्या क्रियाविशेषणात नसतं. कुठे जायचं हे मात्र ‘देअर’च्या पोटातच आहे. म्हणून ‘गो देअर’, ‘गो होम’, ‘गो अब्रॉड’. ‘टू’ची तिथे गरजच नाही. ‘पुट अप विथ इट’चा हिशोब त्यांनी एका मिनिटात संपवला: ‘अप’ सुटा, ‘विथ’ने हात धरलेला, म्हणून ‘इट’ शेवटी.

आताच्या सरावपुस्तिकांत गाळलेल्या जागा असतात: ‘अप’ की ‘ॲट’, खूण करा. मूल बरोबर खूण करतं आणि निबंधात ‘स्विच ऑफ इट’ लिहितं. बिचाऱ्याचा दोष नाही, गाळलेल्या जागेच्या शेजारी सर्वनाम कधी येतच नाही. इतरांची भाषांतरं तपासण्याचं काम मी करतो, तिथेही हीच चूक भेटते. मी बाईंसारखा ‘अप’च्या डोक्यावरून कमान काढतो आणि ‘इट’ला अलीकडे आणतो.

त्या पट्ट्या जिन्याखालच्या कपाटात अजून असतील, तर नव्या शिक्षकांना एवढंच सांगणं: ‘प्लीज डोन्ट थ्रो देम अवे’. ‘देम’ मध्येच.