आमची वाटचाल : पेगबारपासून आजपर्यंत

1986 साली प्रभादेवीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात आम्ही ॲनिमेशनचं काम सुरू केलं. डोळ्यांसमोर ॲनिमेटर राम मोहन होते. 1956 साली ते सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये रुजू झाले, डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1972 मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. ॲनिमेटरला नोकरीबाहेर पोट भरता येतं, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडे बघून मानलं. आणि ज्यांना हा धंदा सिनेमाचं शेपूट वाटतो, त्यांना मी दादासाहेब फाळक्यांची आठवण करून देतो. 1912 साली भांडवल मागायला जाताना फाळक्यांनी दाखवली ती वाटाण्याच्या रोपाची वाढ, एकेक फ्रेम टिपून केलेली. फाळक्यांच्या सिनेमाला पैसा मिळाला तो आमच्याच प्रकारच्या कामावर.

आमच्याकडे जेजेतून बाहेर पडलेली चार हुशार पोरं होती, इंक-पेंटला, म्हणजे रेषा उतरवून रंग भरायला, परळ-लालबागच्या बायका होत्या आणि माझे भागीदार होते. कॅमेरा त्यांचा प्रांत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी एक जुना ॲरिफ्लेक्स मिळवून त्याला एकेक फ्रेम सरकवणारी मोटर बसवून घेतली होती. मात्र नुसत्या कॅमेऱ्याने काय होतं? त्याला रोस्ट्रम हवा, म्हणजे कॅमेरा वर धरणारा खांब आणि खाली चित्रं ठेवायचं टेबल. परदेशी रोस्ट्रमची किंमत ऐकूनच आम्ही गप्प बसलो होतो.

तो रोस्ट्रम आम्हाला मिळाला कोल्हापुरातून. तिथल्या उद्यमनगरात पंप बनवणारे एक कारखानदार होते, अण्णा. शेतकी प्रदर्शनात दाखवायला त्यांना फिल्म हवी होती. आम्ही पंपाचं छान रंगीत चित्र करून नेलं, आत इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, फिरतोय असं. अण्णांनी ते बघितलं आणि म्हणाले, "पाणी कुठनं आत शिरतंय ते दाखवा की. नुस्तं चाक फिरवून शेतकऱ्याला काय उपेग?" मग त्यांनी पंप उघडून समोर ठेवला. पाणी मधोमध आत येतं, पात्यांवरून बाहेर फेकलं जातं आणि बाहेरच्या वाढत्या पोकळीत त्याचा वेग कमी होऊन दाब वाढतो, हे त्यांनी बोट फिरवून शिकवलं. ती फिल्म आम्ही त्या बोटाबरहुकूम केली. पैशांचा काही भाग म्हणून त्यांनी आपल्या लेथवर रोस्ट्रमचा खांब आणि खालचं टेबल करून दिलं. टेबल दोन्ही बाजूंना सरकवायला स्क्रू आणि हँडव्हील, प्लेट इतकी सपाट की पट्टी ठेवली तर खालून उजेड जाऊ नये. पेगसुद्धा तिथेच झाले, म्हणजे भोकं पाडलेला कागद एकाच जागी धरणाऱ्या पेगबारच्या खुंट्या, मधली गोल, कडेच्या दोन चपट्या. पेग सैल असेल तर पात्राचं नाक पडद्यावर थरथरतं, हे ज्याने डिस्कवर, म्हणजे पेग बसवलेल्या चित्रफळीवर, काम केलंय त्याला सांगायला नको.

थिएटरमधल्या वीस सेकंदांच्या जाहिरातीला तीस फूट फिल्म, म्हणजे 480 फ्रेम. टूजवर, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरून, केलं तरी प्रत्येक पात्राची 240 ड्रॉइंग्ज. ती सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, उतरवायची, रेषा पुढून, रंग मागून, आणि वेगवेगळ्या पात्रांचे सेल एकावर एक ठेवायचे. सेल कितीही पारदर्शक म्हटला तरी थोडा उजेड खातोच, त्यामुळे खालच्या थरातला पांढरा वरच्या थरातल्या पांढऱ्यापेक्षा मळका दिसतो. म्हणून शॉटच्या मध्येच एखादं पात्र बाहेर गेलं तर त्या जागी कोरा सेल ठेवायचा, नाहीतर मागचा सगळा सीन एकदम उजळतो. आमच्या बायका एकाच राखाडीच्या तीन छटा डब्यांवर आकडे घालून कालवून ठेवत, कुठल्या थराला कुठली ते त्यांना पाठ असे. पावसाळ्यात रंग चिकट राहायचा, सेल एकमेकांना धरायचे. मग मध्ये बटर पेपर आणि खोक्यात दिवा लावून सुकवणं. हे कसब कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं आणि त्याचा पगार मात्र सगळ्यात कमी होता. मला तेव्हाही ते खटकायचं, आजही खटकतं.

पुढे स्कॅनर आले, सेल गेले, रोस्ट्रमवर कापड पडलं. काम चालत राहिलं.

2000 नंतर बाहेरच्या मालिकांचं काम मुंबईत धो धो येऊ लागलं. एका मोठ्या कंपनीने परदेशी चॅनेलची मालिका घेतली आणि अर्धे भाग आम्हाला दिले. बँकेचं कर्ज काढून आम्ही शेजारचा गाळा घेतला, मशीन घेतली, माणसं दुप्पट केली. पहिल्या भागांचे पैसे वेळेवर आले. नंतर लेआउट, म्हणजे शॉटचे आराखडे, उशिरा येऊ लागले, पण डिलिव्हरीची तारीख मात्र हलायची नाही. रीटेकची, म्हणजे पुन्हा करायच्या शॉटची, यादी दर आठवड्याला लांबत गेली. आधी मंजूर केलेलं मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं दिसायचं ते ठरवणारं चित्र, तेच त्यांनी मध्येच बदललं आणि त्यामुळे झालेले रीटेकही आमच्याच चुकीत धरले. ॲनिमेटर रात्री स्टुडिओतच झोपत होते.

2008 च्या शेवटी अमेरिकेतल्या मंदीने चॅनेलने मालिका आवरती घेतली. आमचे पाच भाग पूर्ण होऊन गेलेले होते. त्यांचे पैसे त्या मोठ्या कंपनीने "वरून आले की देतो" म्हणून अडवले. नंतर कळलं की वरून पैसे आले होते. आणखी वाईट म्हणजे त्याच काळात त्यांनी आमच्या अनुभवी ॲनिमेटरांना फोन केले, दीडपट पगार देऊ केला. आमचे थकवलेले पैसे वापरून आमचीच माणसं फोडली. जी गेली त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरी हप्ते होते. पण समोर बसून "शेवटी धंदा आहे" असं सांगणाऱ्या कंपनीच्या त्या साहेबांना मी आजतागायत माफ केलेलं नाही. शेजारचा गाळा गेला. काकांनी स्वतःच्या नावावरची ठेव मोडून दिवाळीचे पगार केले आणि त्याबद्दल बोलू दिलं नाही.

अशा वेळी मी कोल्हापूरला गेलो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि नव्या सबमर्सिबल पंपांच्या फिल्मची सगळी रक्कम आधीच लिहून दिली. "पैसं घेऊन जावा. फिल्म सवडीनं करा." त्या चेकवर आमची दारं उघडी राहिली. त्यांच्या मुलांचं काम आजही आम्ही करतो आणि त्या कामाला रांगेत उभं करत नाही.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी एवढं ऐकावं. लेआउटवर सही झाल्याशिवाय इनबिटविन, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली ड्रॉइंग्ज, सुरू करू नका. करारात रीटेक दोन प्रकारचे लिहा : आपली चूक असेल तर फुकट, त्यांचं मन बदललं तर दर लावून. पैसे येईपर्यंत सोर्स फाइल देऊ नका, बघण्यापुरतं आउटपुट द्या. आणि लघुउद्योग म्हणून नोंदणी आधी करा. 2006 च्या कायद्याप्रमाणे आपल्यासारख्यांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, दाद मागायला वेगळी परिषद आहे. चारित्र्य, ओळख, एकत्र प्यालेला चहा, यांवर पाच भाग सोडू नका. आणि टेस्ट, म्हणजे नमुन्याचं काम, फुकट करून देऊ नका. फुकट टेस्टवर त्यांची पिच, म्हणजे काम मिळवायची मांडणी, जिंकली जाते आणि काम दुसऱ्याला जातं.

सध्या आम्ही लहान मुलांसाठी मराठी गणिताच्या फिल्म करतोय. हात अजून कागदावरच चालतो, लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेषांची हालचाल तपासणं, पास झाल्याशिवाय रंग लागत नाही. करारात एक कलम मी स्वतः घातलंय : शेवटी श्रेयनामावली, त्यात इनबिटविनवाले आणि रंगवाले पूर्ण नावाने. गेल्या वर्षी एका ग्राहकाने वेळ वाचवायला ती काढायला सांगितली. आम्ही ते काम परत केलं. त्या जुन्या मालिकेतले आमचे शॉट्स ती कंपनी अजूनही आपल्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुना-फिल्ममध्ये, आपलेच म्हणून दाखवते.