तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या टाकीतली पिल्लं

‘ताई, आमची मॉली परवा व्याली. तीसेक पिल्लं होती. आज एकही दिसत नाही. तुमच्याकडे जगतात कशी?’ महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न दारात येतो. कोणी मराठीत विचारतं, कोणी अहिराणीत ‘आमना पिल्लं मरी जातस’ म्हणत ओट्यावर बसतं. भुसावळातल्या आमच्या गल्लीत गप्पी आणि मॉली हे शोभेचे मासे बऱ्याच घरी पोचलेत, त्यातले पुष्कळसे आमच्याच टाकीतले. तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

पिल्लं व्हावीत म्हणून मी काहीच करत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी बाहेर घालत नाहीत. अंडं मादीच्या पोटातच उबतं आणि पोहणारं पिल्लू बाहेर येतं. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या की गप्पी साधारण चार आठवड्यांनी विते, मॉलीला थोडे जास्त दिवस लागतात. शिवाय मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकदा संग झाला की पुढे नर नसला तरी काही महिने ती पुन्हा पुन्हा पिल्लं देत राहते. शेजारच्या काकूंनी दुकानातून फक्त माद्या आणल्या होत्या. दीड महिन्यात पिल्लं दिसली तेव्हा त्या घाबरूनच आमच्याकडे आल्या होत्या.

तर व्हायला काही लागत नाही. जगवायला पाणी लागतं, आणि आपण खानदेशातले लोक ज्या पाण्याला रोज नावं ठेवतो तेच पाणी या माशांना मानवतं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. तो थर म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. मॉली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, नद्यांच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातसुद्धा राहणारी. गप्पी व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा. लहान मुलं विचारतात, हा गप्पा मारतो म्हणून गप्पी का? तर नाही. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञानं त्यांचं नाव माशाला दिलं. खरं तर बर्लिनचे शास्त्रज्ञ पीटर्स यांनी 1859 मध्येच या माशाचं वर्णन करून ठेवलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्सनी दिलेलंच टिकलं. हाक मारायला मात्र गप्पी राहिला.

तर या माशांना क्षारांचं पाणी हवं, म्हणून कोणी प्रेमापोटी टाकीत आरओचं पाणी भरलं की मला वाईट वाटतं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. मॉली एका जागी उभी राहून नुसती थरथरते, पुढे सरकत नाही, आणि लोकांना वाटतं थंडी लागली. बोअरचं पाणी घाला. नळाचं असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब टाकून घाला. आठवड्याला पाव टाकी बदला, सगळी कधीच नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. त्या स्पंजवर जे जिवाणू बसलेले असतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. नव्या टाकीत ते जमायला चार ते सहा आठवडे जातात, आणि क्लोरीनच्या धारेखाली मरतात. ‘आम्ही तर टाकी अगदी चकचकीत ठेवतो’ म्हणणाऱ्या घरी पिल्लं मरतात ती बहुतेक यामुळे.

जन्म एकदा तरी जवळून बघा. मागच्या मार्चमध्ये एक पिवळी गप्पी भरात आली होती. पोटाच्या मागच्या टोकाला काळा डाग, आणि त्या डागात पिल्लांचे डोळे टिपक्यांसारखे दिसत होते. पोट बाजूनं चौकोनी झालं होतं. रात्री साडेअकराला ती हायड्रिला या पाणवनस्पतीच्या मागे कोपऱ्यात जाऊन थांबली. दिवा मालवून मी बाहेरच्या उजेडात बघत बसले. शेपटीखालून साबुदाण्याएवढी एक गुंडाळी सुटली, बुडाकडे घरंगळत गेली आणि अर्ध्या वाटेत उलगडली. दोन डोळे आणि काचेसारखी शेपटी, बाकी काही नाही. क्षणभर वाळूवर पडून राहिली, मग उठून पानाखाली शिरली. दुसरंही तसंच. तिसरं पानाआड पोचायच्या आत आई वळली आणि तिनं ते गिळलं.

तिला दुष्ट म्हणू नका. तोंडात मावतं ते खायचं, एवढंच माशाला ठाऊक. पण तुमची तीस पिल्लं कुठे गेली त्याचं उत्तर हे आहे. काहीजण मादीला प्लास्टिकच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये टाकतात. मी ते सोडलं. त्या डबीत मादी एवढी बावरते की कधी अर्धवट वाढलेली पिल्लं टाकते, कधी स्वतःच मरते. त्यापेक्षा टाकीचा एक तृतीयांश भाग हायड्रिला आणि जावा मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीनं गच्च भरा, इतका की तुमचा हातसुद्धा आत सहज जाऊ नये. पिल्लू शिरतं, आईला शिरता येत नाही. सकाळी चहाच्या गाळणीनं नाही, वाटीनं पाण्यासकट पिल्लं उचला आणि वेगळ्या टाकीत सोडा.

हायड्रिलाची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका वर्षी मी ती फुकट मिळते म्हणून पाटचारीतून आणली, धुतली आणि थेट पिल्लांच्या टाकीत टाकली. चाळीस पिल्लांची अठरा झाली. मोठा मासा टाकीत एकही नव्हता. तीन दिवस मी पाण्याला दोष देत होते. चौथ्या रात्री टॉर्च मारला तर काडीला चिकटून मातकट रंगाची, सहा पायांची चतुराची अळी बसलेली. खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून तिनं माझ्या डोळ्यांसमोर पिल्लू धरलं. आता बाहेरची कुठलीही वनस्पती पंधरा-वीस दिवस वेगळ्या बादलीत राहते, आणि रोज रात्री त्या बादलीत टॉर्च मारल्याशिवाय मी झोपत नाही.

खाणं थोडं आणि पुष्कळदा. मोठ्यांचंच कोरडं खाद्य चिमटीत पीठ होईपर्यंत चोळा. उकडलेल्या अंड्याचा बलक कपड्यातून गाळून देतात, पण तो पाणी फार लवकर नासवतो, मी देत नाही. सगळ्यात उत्तम आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. मिठाच्या पाण्यात हवा सोडून अंडी टाकली की आपल्याकडच्या उबेत साधारण एका दिवसात फुटतात. बाटलीला एका बाजूनं उजेड दाखवला की केशरी ठिपके तिकडे गोळा होतात, तेवढेच ओढून घ्यायचे. पिल्लांनी ते खाल्ले की त्यांचंही पोट केशरी दिसतं आणि कोण उपाशी राहिलं हे बाहेरूनच कळतं.

आणि आता उन्हाळा. खरी परीक्षा इथेच आहे. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या घरात जातो तेव्हा घरातली टाकी 34-35 अंशांवर येते. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 ला 7 च्या आसपास. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. त्यात आपलं पाणी क्षारीय. सामू (पीएच) 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, उष्णतेनं आणखी वाढतो. म्हणजे हिवाळ्यात जेवढं खाणं खपून जात होतं तेवढंच मे महिन्यात पिल्लं मारतं. पिल्लांचं एक पूर्ण वेत असंच गेलं. दुपारी लाईट गेली, पंप बंद, आणि सकाळचं खाणं खाली पडलेलं. दोन तासांनी पिल्लं पाण्याच्या काठाशी तोंड वर करून होती. संध्याकाळपर्यंत सगळी संपली. त्या दिवसापासून बॅटरीवरचा पंप कायम शेजारी असतो.

उन्हाळ्यात मी खाणं निम्मं करते, टाकीचं झाकण काढून वर जाळी टाकते आणि टेबलफॅनचं वारं पाण्याच्या पृष्ठभागावर सोडते. माठ गार होतो त्याच रीतीनं टाकी दोन-तीन अंश उतरते. आपली हवा कोरडी म्हणून हे जमतं, पावसाळ्यात एवढं जमत नाही. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचंच पाणी घालते. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, वर पुन्हा बोअरचं ओतलं तर ते साचत जातील. आरओचा एवढाच उपयोग.

महिनाभरानं नर ओळखू येतात, पोटाखालचा पंख काडीसारखा निमुळता होतो. तेव्हाच वेगळे करा, नाहीतर बहीण-भावांतच पुढची पिढी सुरू होते आणि वाकड्या पाठीची पिल्लं वाढतात. वर्षातून एकदा मी लांबच्या कोणाकडून नवा नर आणते.

उरलेली पिल्लं वाटते. नळ रोज येत नसल्यामुळे घरोघरी पाणी साठवलेलं असतं आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. आरोग्य खात्याची माणसं हौदात गप्पी सोडतात ते त्यासाठीच. वापराच्या पाण्याचा हौद, गुरांची टाकी, बंद पडलेला कारंजा, कुठेही न्या. तापीत, वाघूरमध्ये किंवा तळ्यात मात्र सोडू नका. हा मासा परका आहे, भराभर वाढतो आणि इथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खातो. याबाबतीत मी हट्टी आहे, विचारल्याशिवाय कोणाला पिशवी देत नाही.

सध्या दोन मॉली भरात आहेत. न्यायला याल तर संध्याकाळी या, ऊन उतरल्यावर. घरी गेल्यावर पिशवी पंधरा मिनिटं तुमच्या टाकीत तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर तुमचं पाणी तिच्यात घाला, आणि त्या दिवशी खायला काही देऊ नका.