उडणारी गाठ

चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. वय ६८, उजव्या बाजूला मानेच्या मुळाशी गाठ, सोनोग्राफी करून लगेच सुई तपासणी करावी. सुई तपासणीत बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरायच्या आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायच्या. सांगलीत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना हे रोजचंच. टीबीच्या गाठी, थायरॉइडच्या गाठी, मावा-तंबाखूवाल्यांच्या मानेत उतरलेल्या कॅन्सरच्या गाठी. सिस्टरांनी ट्रे आधीच मांडून ठेवला होता.

आजी तासगाव तालुक्यातल्या. सोबत मुलगा आणि सून. द्राक्षबागेची छाटणी चालू होती, त्यामुळे मुलाचा निम्मा जीव फोनवर, मजुरांकडे. आजी मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेल्या. विचारलं तेव्हा कळलं, सोनोग्राफी म्हणजे लघवी तुंबवून जायचं या हिशेबाने घरच्यांनी त्यांना अख्खी बाटलीभर पाणी पाजलं होतं. आधी त्यांना बाथरूमला पाठवलं. परत येऊन टेबलावर आडव्या झाल्या आणि पोटावरचं लुगडं सैल करू लागल्या.

"आजी, पोट नाही, मान बघायचीय."

"मग येवढं पानी कशाला पाजलं गं मला?"

सून भिंतीकडे बघून हसली.

गाठीवर हळद वाळलेली होती. सांगली जिल्ह्यात हळदीला काय तोटा! गरम हळदीचा लेप, वरून शेजारणीने तेल लावून चोळणं, असं सगळं करून झालं होतं. हासळीच्या हाडाच्या जरा वर, लिंबाएवढी फुगवटी. बोट ठेवलं तर ती उडत होती. गाठीच्या खाली धमनी असली तरी गाठ उडते, पण तेव्हा ती नुसती वर-खाली हलते. ही चहूबाजूंनी फुगत होती. ट्रेवर टॉवेल टाका म्हणून मी सिस्टरांना सांगितलं.

प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, मानेवर ठेवला. पडद्यावर आधी थायरॉइड, शेजारी कॅरोटिडचं, म्हणजे मेंदूला आणि चेहऱ्याला रक्त नेणाऱ्या धमनीचं, गोल वर्तुळ, त्याच्या बाहेरच्या अंगाला दाबली की मिटणारी शीर. इथवर पुस्तकात असतं तसं. प्रोब खाली सरकवला तर एका वर्तुळाची दोन झाली, आणखी खाली तीन. रंग चालू केला तर एक लाल, एक निळं, एक पुन्हा लाल. नवशिका असता तर धमनी, शीर आणि आणखी काहीतरी असं मोजून मोकळा झाला असता. पण डॉपलरमधला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीतला, लाल-निळा रंग धमनी आणि शीर असं काही सांगत नाही. रक्त प्रोबकडे येतंय की लांब जातंय, एवढंच तो सांगतो. प्रोब उभा फिरवला आणि तिन्ही वर्तुळं एकाच नळीची निघाली. कॅरोटिड सरळ वर न जाता हासळीच्या मागून बाहेर येऊन वळली होती, पुन्हा खाली गेली होती आणि मग मानेत चढली होती. त्या वळणाचा माथा म्हणजे आजींची गाठ.

अशा ठिकाणी सुई गेली असती तर काय, ते लिहायची गरज नाही.

पुढचा प्रश्न मात्र खरा होता. नळी नुसती वळलीय की फुगलीय? धमनीचा फुगा असला तर सगळा हिशेबच वेगळा. लिनियर, म्हणजे सपाट तोंडाचा प्रोब हासळीच्या हाडावर अडतो, म्हणून छोटा वाकडा प्रोब घेऊन गळ्याखालच्या खळगीतून छातीत बघितलं. उजवी कॅरोटिड हृदयातून निघणाऱ्या महाधमनीतून थेट निघत नाही. आधी एक जाड फांदी निघते आणि तिचे उजव्या हाताची धमनी व कॅरोटिड असे दोन भाग होतात. डावी थेट निघते. आजींची ती जाड फांदीच वर ढकलली गेली होती. व्यास ठिकठिकाणी मोजला. कुठेही फुगा नाही, भिंत फाटलेली नाही, आत गुठळी नाही.

तरीही वर जाणं भाग होतं, कारण खाली वळण असलेल्या माणसाच्या वरच्या भागावर माझा भरवसा नसतो. साधारण थायरॉइड कूर्चेच्या, म्हणजे गळ्याच्या घाटीच्या, वरच्या कडेपाशी कॅरोटिडचे दोन भाग होतात. मेंदूला जाणारा बहुधा मागे आणि बाहेरच्या अंगाला, चेहऱ्याला जाणारा पुढे आणि आतल्या अंगाला. आजींच्यात उलट! आतल्या अंगाच्या नळीला मानेत एकही फांदी दिसेना, बाहेरचीला मात्र थायरॉइडकडे जाणारी फांदी स्पष्ट. खात्री करायला कानापुढे बोटाने टिचक्या मारल्या. चेहऱ्याला जाणाऱ्या धमनीच्या डॉपलर आलेखात त्या टिचक्या करवतीच्या दात्यांसारख्या उमटतात.

"डोस्क्यावर टिचक्या कशाला मारतीस पोरी?"

"नळी ओळखते, आजी."

मेंदूची धमनी आतल्या बाजूला सरकत घशाच्या मागे गेली आणि जबड्याच्या सावलीत दिसेनाशी झाली. मग मशीन बाजूला ठेवून साधी टॉर्च घेतली, जीभ दाबली आणि तोंडात बघितलं. घशाची मागची भिंत उजव्या बाजूला नाडीच्या ठेक्यात उडत होती. आजींना विचारलं, घशात काही अडकल्यासारखं वाटतं का? सूनच पुढे सरसावली. "वाटतं की! कवापासनं सांगत्यात, गळ्यात कायतरी हाय म्हनून. आमी म्हनायचो, पित्त आसंल." आजींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू जुना दावा जिंकला.

अशा वळणाचं कारण दुहेरी असतं. गर्भात हृदय मानेजवळ असतं. ते छातीत उतरताना मानेतल्या धमन्या ताणून सरळ होतात. काहींच्या होत नाहीत, वळण जन्मापासूनच राहतं. १९६५ मध्ये वायबेल आणि फील्ड्स यांनी अशा वळणांचे प्रकार केले: नुसती नागमोडी, कोनात मोडलेली आणि वेटोळं घातलेली. दुसरं कारण वय आणि रक्तदाब. वर्षानुवर्षांच्या दाबाने महाधमनी लांबते, वर सरकते. उजव्या बाजूला अशी उडणारी फुगवटी नेमकी बीपी असलेल्या वयस्क बायकांच्यात जास्त दिसते, हे जुन्या सर्जनांना चांगलं ठाऊक असतं. आजींचं बीपी टेबलावर १७४/९६ निघालं. गोळी? "बरं वाटाय लागलं म्हनून बंद केली."

मुलाला समजावताना बागेचाच आधार घेतला. मांडवाची तार दोन्ही टोकांना पक्की बांधलेली आणि मध्ये लांबली, तर काय होतं? "झोळ पडतो," तो फोन खिशात टाकत म्हणाला. मग पटकन, "मग वडून घ्यायची न्हाई का?" शहाणा प्रश्न. पण तशी गरज नव्हती. आजींना कधी हातपाय लुळे पडले नव्हते, बोबडी वळली नव्हती, डोळ्यापुढे अंधारी येऊन एक डोळा गेल्यासारखं झालं नव्हतं. रक्ताचा वेग सरळ भागात मोजला तर १२५ सेंटीमीटर प्रति सेकंद या मर्यादेच्या बराच आत; त्यापुढे गेला तर धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यायची. वळणावर मुद्दाम मोजला नाही. डॉपलरचा कोन ६० अंशांच्या आत धरावा लागतो, वळणावर तो जागोजागी बदलतो आणि मग आकडा नुसताच भीतीदायक येतो. असे आकडे छापून माणसाला नसलेला आजार चिकटवलेले रिपोर्ट मी पाहिलेत, आणि त्याचा मला राग येतो.

पाठवणाऱ्या फिजिशियनना तिथूनच फोन केला. दोन क्षण गप्प राहून ते म्हणाले, "बरं झालं आधी बघितलंत." सी. टी. अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत औषध देऊन धमन्यांचा स्कॅन, करायचं ठरलं. त्या औषधासाठी किडनी ठीक लागते; ती दाखवणारं क्रिएटिनिन नॉर्मल होतं. मिरजेत झालेल्या त्या तपासणीतही तेच चित्र आलं. घशाच्या अस्तरापासून धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर.

खरं अवघड काम रिपोर्टचं. "शरीररचनेतला फरक, आजार नाही" एवढं लिहिलं तर शास्त्राला धरून होतं, आणि लोक तेवढंच वाचून कागद कपाटात टाकतात. डावी कण्याची धमनी उजवीपेक्षा मोठी असणं, शीर धमनीच्या डोक्यावर बसलेली असणं, हे फरक मी रोज बघते, एका ओळीत लिहिते आणि विसरते. हा फरक तसा नव्हता. आजींना त्याचा त्रास थोडा. धोका होता तो पुढे कधी त्यांच्या गळ्याला हात लावणाऱ्या माणसाकडून: टॉन्सिल काढणारा, घशातली गाठ समजून चीर देणारा, घाईघाईने श्वासनलिकेला भोक पाडणारा, मानेत सलाईनची नळी घालणारा. इंग्रजी रिपोर्टमध्ये हे सगळं ठळक लिहिलं. शिवाय एका कार्डावर मराठीत: मानेवरच्या फुगवटीत सुई घालू नये, ती चोळू नये, नाकातून नळी घालताना जपावं, घशाचं किंवा मानेचं कोणतंही ऑपरेशन करण्याआधी हा कागद डॉक्टरांना दाखवावा. चोळण्याचं वेगळं लिहिलं, कारण कॅरोटिडच्या फाट्यावर जोराने दाबलं तर म्हाताऱ्या माणसाची नाडी एकदम मंद होऊ शकते. शेजारीण म्हणजे या प्रकरणातली दुसरी सुई.

"म्हंजे गाठ जायची न्हाई?" आजींनी विचारलं.

"नाही. बीपीची गोळी रोज घ्यायची, गाठीला तिथंच राहू द्यायचं."

"ऱ्हाऊ दे मग," म्हणून त्यांनी पदर सारखा केला. निघता निघता मुलाने शर्टाचं वरचं बटण काढलं. "म्याडम, माझी बी बगा की जरा." बघितली. एकदम सरळ. बीपी मात्र त्याचंही चढं होतं, ते फिजिशियनकडे दाखवायला सांगितलं.

काही महिन्यांनी एका नेत्रतज्ज्ञाचा फोन आला. मोतीबिंदूसाठी आजी दाखल झाल्या होत्या आणि कार्ड दाखवल्याशिवाय डोळ्यात थेंबसुद्धा घालू देत नव्हत्या. "मॅडम, यात डोळ्याचं काही आहे का?" काही नाही, थेंबांनी डोळा बधिर करून खुशाल ऑपरेशन करा, फक्त आधी बीपी बघा, असं सांगितलं. मग त्यांनी फोन आजींकडे दिला, आणि मला तेच सगळं पुन्हा एकदा आजींना सांगावं लागलं.