घाणेरीचा उतार: नोव्हेंबर ते जून

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीच्या अलीकडे, आमच्या सोसायटीच्या मालकीचा एक उतार आहे. बांधकामातून उरलेली जागा. तिथे घाणेरी (लँटाना) आणि रानमोडी ही झुडपं माजलेली. दर एप्रिलमध्ये कोयते चालवून सगळं सपाट करायचं आणि पाचोळ्याला काडी लावायची, ही इथली साफसफाईची रीत. गेल्या पावसाळ्यानंतर कमिटीने उतार आम्हा तिघीचौघींच्या हवाली केला. काय केलं, कधी केलं आणि कशाला मुद्दाम हात लावला नाही, ते लिहून ठेवते आहे. अशी जागा ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांना उपयोगी पडेल.

नोव्हेंबर ते जानेवारी

सगळ्यात जास्त खल झाला तो ‘कधी’ यावर. बुलबुल फेब्रुवारी-मार्चपासून विणीला लागतात, कावळे एप्रिल-मेमध्ये, मुनिया पावसात. पानं शिवणारा शिंपी पक्षी तर उन्हाळाभर आणि पावसाळाभर घरटी करतो. झुडपांना धक्का लावायला म्हणून थंडीचे दोन-तीन महिनेच उरतात. तेव्हा जमीनही अजून दगडासारखी झालेली नसते. तरीही मुनियांची वीण कधी कधी लांबते, म्हणून प्रत्येक झुडूप आधी खाली वाकून आतून बघायचं हा नियम. घारीचं वेळापत्रक उलटं. तिची अंडी-पिल्लं थंडीतच असतात, त्यामुळे कोपऱ्यातल्या पर्जन्यवृक्षाखाली आम्ही काहीच काम काढलं नाही.

घाणेरी बुंध्याशी कापली की दुप्पट जोमाने फुटते. म्हणून दिल्लीचे पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत वापरली. कुदळीने माती बाजूला करून सोटमूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचं, मग अख्खं झुडूप उचलून मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते परत जमीन धरत नाही. हात सोलून निघतात, जाड हातमोजे हवेतच.

पण सगळी घाणेरी काढली नाही. उताराला आडवे पट्टे आखले, एक काढायचा, पुढचा ठेवायचा. जुलैचा पाऊस उघड्या उतारावरची माती एका रात्रीत गटारात नेतो, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घाणेरी परकी आहे, खरं. पण भारद्वाज, मुंगूस, सापसुरळी यांना आज तिथे तेवढाच आडोसा आहे. नवीन घर उभं राहायच्या आधी जुनं पाडायचं नाही.

झाडीत बिबट्या लपेल, ही शेजाऱ्यांची भीती मनापासूनची होती. मुंबईत बिबट्या वस्तीकडे येतो तो बहुतेक कुत्र्यांच्या मागे, आणि कुत्री जमतात कचऱ्यावर. कचऱ्याचे डबे उताराजवळून गेटपाशी हलवले. हे काम आधीच व्हायला हवं होतं.

फेब्रुवारी

माळीकाका आंब्याखाली उभे राहून म्हणाले, “ताई, हे बांडगूळ आंबा खाऊन टाकेल. काढू का सगळं?” आंब्याला त्रास होतोच, त्यांचं म्हणणं बरोबर. मी शिडीवर चढून एक पान उलटून दाखवलं. खाली पिवळीधमक अंडी, खसखशीहून थोडी मोठी, एकेक उभं, ओळी धरून लावलेली. कॉमन जेझेबेल या फुलपाखराची. तिच्या अळ्या बांडगुळावर वाढतात. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळं खातो आणि चिकट बिया फांदीला पुसतो, त्यातूनच ते पसरतं. शेवटी कोवळ्या फांद्यांवरचं काढलं, दोन जाड फांद्यांवरचं राखलं. माळीकाका आता स्वतःच पानं उलटून बघतात.

एप्रिल-मे

पावसाळ्यापूर्वीची छाटणी. धोक्याच्या फांद्या काढायलाच हव्यात, वादळात माणसं दगावतात. परवानगी महापालिकेच्या उद्यान विभागाकडून, 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे. आम्ही एवढंच वाढवलं: छाटणीच्या आधी सकाळी प्रत्येक झाडाखाली अर्धा तास शांत उभं राहायचं आणि चोचीत किडा घेतलेला पक्षी कुठे जातो ते बघायचं. तांबट पक्षी वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो, आणि छाटणीत पहिली पडते ती वाळकी फांदीच. जिच्याखाली वाट नाही, गाडी नाही, ती वाळकी फांदी राहू दिली.

बदामाच्या एका पानाच्या कडा कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाने शिवलेल्या सापडल्या, शिंप्याचं घरटं. टाक्याचं प्रत्येक भोक टाचणीएवढं, आत मऊ कापसाची गादी. ती फांदी सेक्रेटरीकाकांच्या पार्किंगवर आलेली. त्यांना 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा दाखवला. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि घरट्यांना त्रास देणं येतं. “घरटं हलवलं तर शिकार?” काकांनी दोनदा विचारलं, मग गाडी महिनाभर दुसरीकडे लावली. पिल्लं उडाल्यावर फांदी कापली.

पाचोळा जाळला नाही. वाटेवरचा गोळा करून दोन ढीग केले, बाकीचा जिथल्या तिथे. मेअखेर नवरंग पक्षी आला आणि त्याच पाचोळ्यात उड्या मारत किडे-गांडुळं शोधत होता. वर्षभर मी याचीच वाट बघत होते.

जून

पहिल्या पावसाबरोबर मोकळ्या पट्ट्यांत टाकळा वर आला, आणि घाणेरीची पिल्लावळही. ओल्या मातीत ती दोन बोटांनी सहज उपटते, हे काम मुलांना दिलंय. टाकळ्यावर मॉटल्ड एमिग्रंट आणि कॉमन ग्रास यलो ही फुलपाखरं अंडी घालतात, म्हणून ग्रास कटर ऑक्टोबरपर्यंत बंद, फक्त पायवाटेपुरता चालेल. भाजीसाठी टाकळा खुडणाऱ्यांना एक कोपरा वेगळा दिला आहे. करवंद, कुडा, मुरुडशेंग आणि माकडलिंबू लावले. माकडलिंबू आपल्या राज्य फुलपाखरासाठी, ब्लू मॉरमॉनसाठी. ते फुलपाखरू 2015 पासून राज्याचं आहे, पण खाद्यवनस्पती सोसायट्यांमध्ये शोधून सापडत नाही.

उताराकडे तोंड केलेला फ्लडलाइट खाली वळवला आहे. ॲटलास पतंगाला खायला तोंडच नसतं, आठ-पंधरा दिवसांच्या आयुष्यात जोडीदार शोधायचा असतो. त्या रात्री दिव्याभोवती जायला नकोत.

ठेवलेले पट्टे आता नोव्हेंबरात काढायचे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये करवंद आणि मुरुडशेंग बघणार. ती गुडघ्याएवढी झाली नसतील, तर उरलेली घाणेरी आणखी एक वर्ष तशीच राहील.