आमची वाटचाल : आधी छत, मग पॅनल

२०१२ साली आम्ही दोघा भावांनी जळगावात वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायला सुरुवात केली. लोक बोलवायचे गळतीसाठी आणि तक्रार सांगायचे उकाड्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. रात्री दहाला खोलीतून छताला हात लावला तरी स्लॅब गरम लागतो. धाब्याच्या घरांना मातीच्या जाड थरामुळे हा त्रास कमी असायचा. मग आम्ही गच्चीवर पांढऱ्या टाइल्स, स्लॅबवर इन्सुलेशन, पश्चिमेला दुहेरी भिंत असं करत गेलो. पुढे सोलर आलं आणि त्याच्यामागे कागदपत्रं आली.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितला वाचतीन, भाऊ?" घराचं उत्तर सोपं. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) २ किलोवॉटला ६० हजार, ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान. दुकान-गोदामाला हे अनुदान नाही, तिथे सोलरवर ४० टक्के घसारा (वस्तूची घटती किंमत, जी खर्च धरून कर कमी होतो). १० लाखांच्या सिस्टिमवर पहिल्या वर्षी ४ लाख खर्च म्हणून दाखवता येतात. ३० टक्के कर भरणाऱ्याचे १ लाख २० हजार वाचतात. मात्र त्या आर्थिक वर्षात सिस्टिम १८० दिवसांपेक्षा कमी चालली, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. शिवाय उलाढालीच्या ६-८ टक्के नफा धरून रिटर्न भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तो वेगळा मिळतच नाही. पॅनल विकणारे हे सहसा सांगत नाहीत. दिवाळीनंतर मार्चअखेरपर्यंत १८० दिवस उरत नाहीत, म्हणून तेव्हा ऑर्डर घेऊन येणाऱ्याला आम्ही आधी त्याच्या सीएकडे पाठवतो. ऑर्डर थोडी लांबते, लांबू दे.

बिल्डर मंडळींना करबचतीपेक्षा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते) हवा असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित इमारतीला मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय आहे. त्यासाठी नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. प्लिंथ (जोतं) झाल्यावर फोन करून काय उपयोग?

खटकतं ते एवढंच, की वीज तयार करायला अनुदान आहे, पण ती कमी लागावी म्हणून छत थंड करणाऱ्या घरमालकाला आयकरात वेगळी सवलत नाही. तरी आमच्या कोटेशनमध्ये छत पहिलं असतं, पॅनल नंतर. खोली थंड राहिली तर एसी कमी चालतो, पॅनलही कमी लागतात. यात आमचं बिल घटतं, भाऊ कुरकुरतो. पण धुळ्याची आणि नंदुरबारची कामं अशाच गिऱ्हाइकांच्या ओळखीतून आली.